आजचं चिंतन : गीता १८.६३ आणि निंबाळचे गुरुदेव रानडे



आज आपण अठराव्या अध्यायातल्या ६३ व्या श्लोकावर आलो. ७०० श्लोकांची गीता संपत आलीय. एवढं सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला काय म्हणतात? मी सांगितलं त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. ज्याने अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवलं तोच हे म्हणतोय! मला हा गीतेतला सगळ्यात धाडसी श्लोक वाटतो. आणि प्रवचनांत मी हाच सगळ्यात कमी वेळा ऐकलाय.

मी कोरेगावचा. आमच्याकडे आजीपासून गोंदवल्याचं नाम. बारावीत असताना एका सप्ताहात प्रवचन संपल्यावर मी उठून विचारलं होतं, की नाम घेऊन आपल्यात काही होतंय की नाही, हे ओळखायचं कसं? शंका घेणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, असं सांगून मला खाली बसवण्यात आलं. अख्खा मंडप हसला. त्यानंतर सात वर्षं मी माळ हातात धरली नाही.

पुढे सांगलीला इंजिनिअरिंग केलं, विश्रामबागेत. तिथेच विलिंग्डन कॉलेज. चार वर्षं त्या रस्त्याने जा-ये केली, पण माझाच प्रश्न घेऊन आयुष्यभर बसलेला एक माणूस कधीकाळी या कॉलेजात शिकवत होता, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

रामचंद्र दत्तात्रेय रानडे. जन्म ३ जुलै १८८६, जमखंडी. तेव्हा ते पटवर्धनांचं संस्थान होतं, आता कर्नाटकात आहे. १९०१ मध्ये, शाळेत असतानाच, त्यांनी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलं. उमदी म्हणजे आपल्या जत तालुक्यातली. मुलगा हुशार, मॅट्रिक तोंडावर आलेली. सुरुवातीला नामामागे परीक्षेतल्या यशाचा हेतू होता, असं त्यांच्या चरित्रात येतं. (आपणही सेमिस्टरच्या आधी मारुतीला गेलोच आहोत की.) १९०२ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही मिळाली.

आता इथे गोष्ट थांबली असती, तर ती फॉरवर्ड करण्यापुरतीच राहिली असती. नाम घेतलं, नंबर आला, विषय संपला. पण आमच्या कामात एक टेस्ट पास झाली म्हणून कुणी कोड प्रोडक्शनला टाकत नाही. हुशार मुलगा नामाशिवायही पास झाला असता, ही शक्यता उरतेच. मला रानडे आवडतात ते यासाठी, की ते त्या यशावर थांबले नाहीत.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते गणित शिकले, मग तत्त्वज्ञानाकडे वळले. ग्रीक तत्त्वज्ञानात एवढे बुडाले की हेराक्लिटस आणि ॲरिस्टॉटल यांच्यावर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिलं. अशा अभ्यासानंतर लहानपणी घेतलेलं नाम बहुतेकांचं सुटतं. त्यातच विशीत मोठं आजारपण आलं. नाम सुटलं नाही, उलट वाढलं. फक्त आता ते मार्कांसाठी नव्हतं. १९१४ मध्ये ते तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले आणि त्याच वर्षी भाऊसाहेब महाराजांनी देह ठेवला. गुरू गेल्यावर ते वयाने मोठ्या गुरुबंधूंजवळ, अंबुराव महाराजांजवळ राहिले. म्हणजे इकडे फर्ग्युसन आणि विलिंग्डनमध्ये प्लेटो, कांट शिकवायचे आणि तिकडे दासबोध समोर ठेवून ध्यानाला बसायचं. दोन्ही एकाच माणसाने.

१९२६ मध्ये उपनिषदांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. सगळी उपनिषदं एकच सांगतात, असं धरून ते चालत नाहीत. ऋषींची मतं जिथे वेगळी आहेत तिथे वेगळी म्हणूनच मांडतात, आणि मग आत्मानुभवाकडे येतात. १९३३ मध्ये महाराष्ट्रातल्या संतांच्या अनुभवमार्गावरचा ग्रंथ आला. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास, सगळे त्यात आहेत. खरं सांगतो, मी तो दोनदा अर्धवट सोडलाय. इंग्रजी जड आहे. पण प्रस्तावना वाचाच.

माझा मंडपातला प्रश्न त्या प्रस्तावनेत आहे. एखाद्याला प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, तर तो खरा की डोक्यातला खेळ? रानडे प्रश्नाला हसत नाहीत, कसोट्या लावतात. पहिली अशी, की एकमेकांचं नावही न ऐकलेल्या, वेगळ्या देशांतल्या आणि वेगळ्या काळांतल्या लोकांचे अनुभव जुळतात का? आपल्या संतांशेजारी ते युरोपातले ख्रिस्ती संत ठेवतात ते याचसाठी. एकाच पोथीवर वाढलेल्या दहा जणांनी एकच सांगितलं तर तो पुरावा फारसा मोठा नाही. एकाच लॉगच्या दहा कॉपी झाल्या त्या. दुसरी कसोटी, अनुभवाने बुद्धी मंद झाली की जास्त धारदार? आणि तिसरी सगळ्यात अडचणीची : वागणं सुधारलं का? नीती सुधारत नसेल, तर कितीही प्रकाश दिसो, त्याला ते अनुभव मानायला तयार नाहीत.

या कसोट्या बाहेर उभं राहून लावता येत नाहीत, ही खरी गोम आहे. वागणं बदललं का हे बघायला आधी वर्षानुवर्षं बसावं लागतं. मी सात वर्षं स्वतःला चिकित्सक समजत होतो, पण मी काहीच तपासत नव्हतो. प्रोग्रॅम रनच न करता त्यात बग आहे म्हणत होतो. आणि मला खाली बसवणाऱ्यांनी तरी काय तपासलं होतं?

पुढे रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख झाले, कुलगुरुपदही सांभाळलं. १९४६ मध्ये निवृत्त होऊन निंबाळला आले. सोलापूर–विजयपूर रेल्वेमार्गावरचं हे छोटं स्टेशन, आजूबाजूला कोरडं रान. तिथे साधक येत, ध्यान आणि भजन चाले. ६ जून १९५७ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. नाम घेतल्यापासून ५६ वर्षं झाली होती.

मी पुन्हा माळ धरली तेव्हा एक्सेल शीट बनवली होती. रोजच्या माळा, महिन्याची बेरीज, ग्राफसुद्धा. रानडे वाचल्यावर कळलं की हा माझा मॅट्रिकचा नंबरच आहे. मग शीटमध्ये एक कॉलम वाढवला : आज कुणावर चिडलो. पहिल्या वर्षी माळा दुप्पट झाल्या आणि तो कॉलम जसाच्या तसा राहिला. रात्री दोनला सिस्टिम बंद पडली की ज्युनिअरवर ओरडणारा मी तोच होतो. हल्ली आकडे थोडे खाली आलेत, पण ते मीच भरतो, त्यामुळे फार भरवसा नाही. म्हणून गेल्या रविवारी आईला कोरेगावला फोन करून विचारलं, माझ्यात काही फरक वाटतो का?

आई जरा वेळ थांबली. मग म्हणाली, ऑफिसातल्यांचं मला माहीत नाही बाबा, माझ्याशी मात्र अजून तोडूनच बोलतोस.

ते त्या दिवशीच्या ओळीत लिहून ठेवलंय.

उद्या श्लोक ६४. राम कृष्ण हरी.