हस्तमैथुनाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर दिलं म्हणून कोर्टात जावं लागलं, बाजू बाबासाहेबांनी मांडली : र. धों. कर्वेंची गोष्ट

सोलापूर असो, पुणे असो की मुंबई, गुप्तरोग, नपुंसकता, मर्दानी ताकद असल्या जाहिराती आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. पूर्वी त्या भिंतींवर असायच्या, आता मोबाईलवर येतात. त्या चालतात कारण माणूस या विषयावर डॉक्टरशी बोलायला लाजतो. ही लाज मोडायला एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच सुरुवात केली होती.

त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

१४ जानेवारी १८८२ ला दापोलीजवळच्या मुरुडमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. वडिलांनी विधवांच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं, मुलाने त्याहून अवघड विषय निवडला. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. पॅरिसला शिकायला गेले आणि परत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असं केंद्र सुरू केलं तेही याच वर्षी. १९२३ मध्ये कर्वेंनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचावावर पुस्तकं लिहिली.

हे काम ते शिकवत असलेल्या विल्सन कॉलेजला पटलं नाही. काम थांबवा नाहीतर नोकरी सोडा, असा प्रश्न आला तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई ठामपणे सोबत राहिल्या. स्वतःला मूल नको, हा निर्णयही दोघांनी मिळून घेतला होता.

१५ जुलै १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं. लैंगिक शिक्षण, गुप्तरोग, स्त्रीचं कामसुख, सगळ्यावर सरळ भाषेत लेख यायचे. लोक पत्र पाठवून शंका विचारायचे आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे.

हीच उत्तरं महागात पडली.

त्याआधी १९३१ मध्ये एका लेखावरून खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला. यावेळी निमित्त होतं हस्तमैथुन आणि समलैंगिकतेवरच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं. कर्वेंच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचक शंका विचारतो आणि तज्ज्ञ माहिती देतो, यात अश्लील काय, असा त्यांचा मुद्दा होता. तरीही कर्वे खटला हरले आणि २०० रुपये दंड भरावा लागला.

मासिक मात्र थांबलं नाही. पैशांची चणचण कायम होती. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ ला रघुनाथरावही गेले. शेवटपर्यंत म्हणजे २६ वर्षं त्यांनी मासिक चालवलं.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, औषधे व जादुई उपाय कायदा आला. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर या कायद्याने बंदी आहे. म्हणजे ज्या जाहिराती आपण आजही पाहतो, त्या ७० वर्षांपासून बेकायदेशीर आहेत.

मग खरं औषध कोणतं?

१९९८ मध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला मान्यता मिळाली. हृदयविकारासाठी औषध शोधताना हा गुण सापडला होता. नंतर टाडालाफिल आलं. सिल्डेनाफिलचा परिणाम साधारण चार-पाच तास टिकतो, टाडालाफिलचा दीड दिवसापर्यंत. दोन्ही गोळ्या लिंगाकडचा रक्तप्रवाह वाढवतात, पण मनात इच्छा नसेल तर काम करत नाहीत.

भारतात ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, आणि त्याला कारण आहे. छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवही जाऊ शकतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांसोबतही धोका असतो. २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस घ्यायचा नाही. ताठरता चार तासांहून जास्त राहिली, अचानक दिसेनासं झालं किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. तिथे ही गोळी घेतल्याचं लपवायचं नाही, कारण ते कळलं नाही तर डॉक्टर नायट्रेट देऊ शकतात.

'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्येही चोरून सिल्डेनाफिल मिसळल्याचं तपासण्यांमध्ये आढळलं आहे. त्यात डोस किती, हे घेणाऱ्याला कळत नाही.

आणखी एक गोष्ट. ताठरता न येणं ही कधीकधी डायबेटिसची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. गुपचूप गोळी घेतली की ती खूण झाकली जाते आणि मूळ आजार वाढत राहतो.

कर्वेंच्या काळात हा प्रश्न विचारायला एका मासिकाचा पत्ता होता आणि उत्तर देणाऱ्याला दंड होत होता. आज सरकारी दवाखान्यातही तो विचारता येतो. दंड कुणालाच होत नाही.