डॉलरच्या नोटेवर वॉशिंग्टन यांचे ओठ इतके घट्ट का मिटलेत? दातांनी छळलेल्या राष्ट्राध्यक्षाची गोष्ट

एक डॉलरची नोट कधी नीट पाहिलीये? हाताशी नसेल तर मोबाईलवर शोधा. नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टन आहेत, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. ओठ घट्ट मिटलेले आणि तोंडाभोवतीचा भाग जरा फुगलेला. हा चेहरा चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ साली रंगवलेल्या चित्रावरून घेतलाय. तेव्हा वॉशिंग्टन यांच्या तोंडात कवळी होती आणि ती ओठांना आतून पुढे ढकलत होती.

ब्रिटिशांना हरवणाऱ्या या माणसाला दातांनी मात्र जन्मभर छळलं. आज डेंटल इम्प्लांट करायचं म्हटलं की डॉक्टर काही महिने थांबायला का सांगतात, हेसुद्धा त्यांच्या गोष्टीवरून चांगलं समजतं.

चोविसाव्या वर्षी पहिला दात गेला

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा, व्हर्जिनियातला. अकरा वर्षांचे असताना वडील गेले. सतराव्या वर्षी ते जमीन मोजणीच्या कामाला लागले, पुढे सैन्यात गेले. १७५६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांनी पहिला दात काढून घेतला. त्याचे पाच शिलिंग दिल्याची नोंद त्यांच्या हिशोबात आहे.

आता तुम्ही म्हणाल, दात घासत नसतील. पण तसं नव्हतं. ब्रश, दातांची पावडर, दुखण्यावरची औषधं, या सगळ्यावर ते पैसे खर्च करत होते. अडचण त्या काळाची होती. रूट कॅनाल नव्हतं, भूल नव्हती. दुखणारा दात चिमट्याने उपटणं हाच बहुतेक वेळा इलाज. त्यामुळे दर काही वर्षांनी एक एक दात कमी होत गेला.

दातांचं पत्र शत्रूच्या हाती लागलं

१७७५ साली अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि वॉशिंग्टन सरसेनापती झाले.

गंमत म्हणजे त्याच वर्षांत ब्रिटिश इकडे मराठ्यांशीही लढत होते. मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज पनवेलला उतरली आणि खोपोलीवरून बोरघाट चढून वर गेली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळला तिला मराठ्यांपुढे शरण यावं लागलं. त्या वेळी पुण्याचा कारभार नाना फडणवीस पाहत होते. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत असलेलं महादेवाचं मंदिर आणि मोठा तलाव नानांनीच बांधलेला. नाना आणि वॉशिंग्टन एकाच काळातले. दोघांचा शत्रूही एकच होता.

तिकडे वॉशिंग्टन यांच्या उरलेल्या दातांना खोटे दात तारेने बांधलेले होते. मे १७८१ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातले दंतवैद्य जॉन बेकर यांना पत्र लिहून ती तार आवळायची पक्कड आणि दात साफ करायची हत्यारं मागवली. इतक्यात फिलाडेल्फियाला येणं जमणार नाही, असंही त्यात कळवलं. हे पत्र वाटेत ब्रिटिशांनी पकडलं. सरसेनापती लवकर न्यूयॉर्कजवळून हलणार नाहीत, असा त्याचा अर्थ निघत होता. प्रत्यक्षात वॉशिंग्टन दक्षिणेला निघाले आणि ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली.

नऊ दात, १२२ शिलिंग

युद्ध संपल्यावर ल मेयर नावाचे फ्रेंच दंतवैद्य वॉशिंग्टन यांच्याकडे येऊ लागले. दुसऱ्याचा दात काढून तो श्रीमंताच्या हिरडीत बसवणं, ही त्यांची खासियत.

ऐकायला विचित्र वाटेल, पण तेव्हा याची फॅशन होती. लंडनचे नामांकित सर्जन जॉन हंटर यांनी माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवण्याचा प्रयोग केला होता. गरीब माणूस पैशासाठी दात विकायचा आणि तो लगेच दुसऱ्याच्या जबड्यात दाबून बसवला जायचा. असे दात फार काळ टिकत नसत. काही वेळा दातासोबत रोगही यायचा.

ल मेयर यांनी जाहिरात दिली होती. चांगला पुढचा दात विकणाऱ्याला दोन गिनी, म्हणजे ४२ शिलिंग. पण त्यात एक अट होती. हा दर गुलामांना लागू नाही.

मे १७८४ मध्ये वॉशिंग्टन यांच्या हिशोबाच्या वहीत एक नोंद झाली. गुलामांकडून नऊ दात घेतले, दिले १२२ शिलिंग. एका दाताला साधारण साडेतेरा शिलिंग पडले. जाहिरातीतल्या दराच्या एक तृतीयांशही नाही. आणि मालकाने दात मागितला तर गुलाम नाही कसं म्हणणार? वहीत त्या माणसांची नावं नाहीत. स्वातंत्र्याची लढाई जिंकलेल्या माणसाच्या आयुष्यातली ही बाजू विसरण्यासारखी नाही.

शपथविधीच्या दिवशी एकच दात

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता.

दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी त्यांना पाणघोड्याच्या दातापासून कोरलेली कवळी करून दिली. त्या एका दातासाठी कवळीत भोक ठेवलं होतं. ते लाकडी दात वापरायचे, ही गोष्ट जगभर फिरते, पण ती खोटी आहे. त्यांच्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचा दात, माणसांचे आणि जनावरांचे दात, शिसं आणि पितळी स्क्रू सापडतात, लाकूड नाही. डाग पडून चिरा गेलेला पाणघोड्याचा दात लाकडासारखा दिसतो, त्यावरून ही समजूत पसरली असावी.

वरची आणि खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली असायची. तोंड उघडलं की स्प्रिंग दोन्ही कवळ्यांना दूर ढकलणार, म्हणून ओठ मिटूनच ठेवावे लागत. पोर्ट वाइनमुळे कवळी काळी पडायची. कवळीमुळे ओठ पुढे येतात, ही तक्रार त्यांनी शेवटपर्यंत ग्रीनवुड यांना कळवली.

१७९६ मध्ये तो शेवटचा दातही काढावा लागला. ग्रीनवुड यांनी तो आठवण म्हणून आपल्या घड्याळाच्या साखळीला लावलेल्या छोट्या डबीत ठेवला. १४ डिसेंबर १७९९ रोजी, घसा सुजून आणि डॉक्टरांनी उपचार म्हणून बरंच रक्त काढल्यावर, वॉशिंग्टन वारले. वय ६७. तीन महिन्यांनी, मार्च १८०० मध्ये पुण्यात नाना फडणवीसही गेले. आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावं, असं वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.

पैसा, सत्ता सगळं होतं, मग अडलं कुठे?

अडलं जबड्याच्या हाडापाशी. दाताचं मूळ हाडात असतं. चावताना मुळावाटे हाडावर जोर येतो आणि त्यामुळे हाड टिकतं. दात काढला की तिथलं हाड झिजायला लागतं. हिरडीवर टेकलेली कवळी ही झीज थांबवू शकत नाही. म्हणून आज नीट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते.

उत्तर मिळायला १९५२ साल उजाडावं लागलं. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी टायटॅनियमचं उपकरण वापरत होते. प्रयोग संपल्यावर ते निघेचना, कारण हाड त्याला घट्ट धरून वाढलं होतं. याच शोधावरून १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. तेच आजचं इम्प्लांट.

मग आज इम्प्लांट करायचं तर काय होतं?

आधी तपासणी. एक्स-रे किंवा थ्रीडी स्कॅन काढून हाड किती उरलंय ते बघतात. हाड कमी असेल तर आधी हाड भरावं लागतं, त्यात वेळ आणि खर्च दोन्ही वाढतो. हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी बरा करतात.

मग शुगर आणि तंबाखू. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. विडी-सिगारेटमुळेही तेच होतं. आपल्याकडे घरोघरी लावली जाणारी मशेरी आणि गुटखा हे हिरड्यांचे शत्रूच आहेत. हे डॉक्टरांपासून लपवू नका. रक्त पातळ करायच्या किंवा हाडं मजबूत करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

स्क्रू बसवताना जागा बधिर करतात, त्यामुळे दाब जाणवतो, पण सहसा दुखत नाही. नंतर काही दिवस सूज आणि थोडं दुखणं राहतं. त्यानंतर खरी परीक्षा, म्हणजे थांबणं. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात सहा महिन्यांपर्यंत हाड स्क्रूला धरेपर्यंत वाट पाहावी लागते. काही जणांना लगेच तात्पुरता दात बसवता येतो, पण ते हाडावर अवलंबून असतं. हाडाने पकड घेतली की वर कॅप बसते.

खर्च विचारताना एकूण आकड्यावर थांबू नका. स्क्रू, त्यावरचा जोड, कॅप, स्कॅन आणि हाड भरणं, प्रत्येकाचे किती ते वेगळं लिहून घ्या. खालापूर-कर्जतहून दुसरं मत घ्यायचं तर कामोठ्याला एमजीएम दंत महाविद्यालय आहे. खोपोली किंवा कर्जत लोकलने थेट सीएसएमटी गाठलं, तर जवळच सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं. रक्त येतंय, पू दिसतोय किंवा दात हलतोय असं वाटलं तर लगेच दाखवा. आणि दात काढायची वेळ आलीच, तर खुर्चीवर बसायच्या आधीच विचारा की त्या जागी पुढे काय बसवता येईल. दात गेल्यावर पहिल्याच वर्षात हाडाची झीज सगळ्यात जास्त होते.