आल्फ्रेड ॲडलर

आल्फ्रेड ॲडलर (७ फेब्रुवारी, १८७०:रुडोल्फ्सहाइम, व्हिएन्नाजवळ, ऑस्ट्रिया - २८ मे, १९३७:ॲबर्डीन, स्कॉटलंड) हे ऑस्ट्रियन वैद्य व मानसशास्त्रज्ञ होते. व्यक्तिमानसशास्त्र या विचारप्रणालीचे ते प्रवर्तक होत. न्यूनगंडाची संकल्पना त्यांच्यामुळे सर्वपरिचित झाली. शाळकरी मुलांच्या वर्तनसमस्यांवर सर्वांसमक्ष समुपदेशन करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली.

== जीवन ==
ॲडलर यांना बालपणी मुडदूस झाला होता. धाकटा भाऊ घटसर्पाने दगावला आणि पुढे ते स्वतः न्यूमोनियातून कसेबसे वाचले. या अनुभवांतूनच त्यांनी वैद्य होण्याचे ठरविले. १८९५ मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळविली. १८९७ मध्ये त्यांचा रायसा एप्स्टाइन यांच्याशी विवाह झाला. १९०२ पासून ते सिग्मंड फ्रॉइड यांच्या अभ्यासमंडळात होते. मात्र तीव्र मतभेदांमुळे १९११ मध्ये ते त्यातून बाहेर पडले.

== बालमार्गदर्शन केंद्रे ==
पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात शालेय सुधारणांना वेग आला. या काळात ॲडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरात बालमार्गदर्शन केंद्रे उघडली. चोरी करणारे, शाळा बुडविणारे, भांडखोर किंवा अबोल मूल तेथे आणले जाई. प्रथम शिक्षक मुलाची हकीकत मांडीत व तिच्यावर चर्चा होई. त्यानंतर पालकांशी आणि मग मुलाशी संवाद साधला जाई. हे सारे उपस्थित शिक्षकांसमोर घडे.

गैरवर्तन करणारे मूल मुळात दुष्ट नसून धीर खचलेले असते, अशी ॲडलर यांची धारणा होती. समूहात आपल्याला स्थान नाही, असे वाटणारे मूल ते स्थान चुकीच्या मार्गाने मिळवू पाहते. म्हणून शिक्षेऐवजी प्रोत्साहन देणे आणि मुलाची सामाजिक जाणीव वाढविणे, हे त्यांच्या उपचाराचे सूत्र होते. एका मुलाच्या निमित्ताने अनेक शिक्षक शहाणे होत, हा या पद्धतीचा मोठा लाभ होता.

== अखेरचा काळ व वारसा ==
१९३४ मध्ये ऑस्ट्रियातील हुकूमशाही राजवटीत ही केंद्रे बंद पडली. ॲडलर अमेरिकेत स्थायिक झाले. व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना ॲबर्डीन येथे रस्त्यातच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी २०११ मध्ये व्हिएन्नास आणण्यात आल्या.

रुडोल्फ ड्रायकर्स यांनी हे कार्य अमेरिकेत पुढे नेले. लक्ष वेधणे, सत्ता गाजविणे, सूड घेणे आणि असमर्थता दाखविणे, असे गैरवर्तनामागील चार हेतू त्यांनी सांगितले. शाळांतील समूह समुपदेशनात ही मांडणी आजही वापरली जाते.