विश्लेषण : ‘सुदाम्याचे पोहे’ मराठी वाचकांना कुणी वाढले?

दिवसभराच्या कटकटीनंतर डोक्याला ताप नको, म्हणून अनेक जण ओळखीच्या पात्रांची विनोदी मालिका पुन्हा वाचायला घेतात. मराठीत ही सोय प्रथम केली वऱ्हाडातल्या एका वकिलाने. त्यांचे नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४).

सुरुवात कशी झाली?

१८९७ मध्ये एलएल.बी. होऊन कोल्हटकरांनी अकोला, खामगाव, जळगाव जामोद येथे वकिली केली. ‘वीरतनय’मुळे नाटककार म्हणून नाव आधीच झाले होते. १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये त्यांचा पहिला विनोदी लेख आला, ‘साक्षीदार’. वकिलाला हा विषय शोधायला लांब जावे लागले नसणार! तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. नाव बदलले १९०५ मध्ये.

या लेखांत काय आहे?

सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट पुन्हा पुन्हा भेटते. प्रत्येक लेख स्वतंत्र, त्यामुळे पुस्तक कुठूनही उघडावे. ‘चोरांचे संमेलन’मध्ये तर कल्पनेने ताळतंत्रच सोडले आहे. पण या हसण्यामागे रूढी, कर्मकांड आणि ढोंग यांच्यावर थेट नेम आहे. सनातनी मंडळी दुखावतील, हे ठाऊक असूनही कोल्हटकर लिहीत राहिले. १९१० च्या पुस्तकात १८ लेख होते, पुढे ते ३२ झाले. इंग्रजी वाचकांचे लाडके जीव्हज आणि वूस्टर अवतरले १९१५ मध्ये, म्हणजे आपले त्रिकूट त्यांच्याहून वडील.

पुढे काय झाले?

राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. ‘बाळकराम’ या नावाने गडकऱ्यांनी हीच वाट पुढे नेली. चोरांचे संमेलन भरवणारे कोल्हटकर १९२७ मध्ये पुण्याच्या खऱ्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. यवतमाळला असे संमेलन १९७३ आणि २०१९ मध्ये भरले. ज्या नाटकांवर त्यांनी सर्वाधिक कष्ट घेतले, ती मात्र रंगभूमीवर टिकली नाहीत. महाराष्ट्रगीत आणि पोहे तेवढे उरले.

आज कुठून वाचावे?

लेखकाच्या मृत्यूला ५० वर्षे उलटल्याने हे लेखन १९८५ पासून स्वामित्वहक्कमुक्त आहे. भाषा जुनी, वाक्ये लांबलचक, कोट्या काही ठिकाणी अतीच. पहिली दोन पाने जड जातील. ‘साक्षीदार’पासून सुरुवात करावी.