अणूतील पंगत मांडणारे नील्स बोर

असोद्यात कोणाचे चरित्र लिहायचे म्हटले की पहिले नाव येथे जन्मलेल्या बहिणाबाईंचे. त्यांच्यावर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून मी आज सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाबद्दल लिहिते. त्याला कारण घरातलेच घडले. माझी मुलगी अकरावीला शास्त्र शाखेत आहे. रात्री ती दोन, आठ, एक. दोन, आठ, आठ, एक असे काहीतरी घोकत बसे. हे कसले पाढे म्हणून मी विचारले, तर तुला नाही कळायचे, असे म्हणून तिने पान उलटले. माझी शाळा सातवीलाच सुटली हे खरे, पण ते बोलणे मनाला लागले. मग ती कॉलेजला गेली की दुपारी तिचेच पुस्तक घेऊन बसू लागले. त्यात नील्स बोर यांचे नाव भेटले.

बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी डेन्मार्क देशात कोपनहेगन येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात प्राध्यापक, आई एलेन सधन ज्यू घराण्यातली. धाकटा भाऊ हाराल्ड पुढे मोठा गणिती झाला. शिवाय १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये तो देशाच्या फुटबॉल संघात होता. नील्स यांची तऱ्हा वेगळी. बोलता बोलता विचार करावयाचा, लिहावयाचे दुसऱ्याने. डॉक्टरेटचा प्रबंध त्यांनी तोंडी सांगितला व आईने लिहून काढला. १९१२ मध्ये मार्ग्रेथे यांच्याशी विवाह झाला आणि लेखणी सासूकडून सुनेकडे आली. लग्न होताच जोडपे इंग्लंडला गेले. तेथे नवरा निबंध सांगतो आहे, नवी नवरी लिहिते आहे आणि त्याचे इंग्रजीही सुधारते आहे, असे त्यांचे पहिले दिवस गेले. चरित्रकार हे एका ओळीत आटोपतात. मी मात्र तेथे बराच वेळ थांबले.

आता त्यांच्या कामाकडे वळू. अणूच्या मध्यभागी जड केंद्रक असते आणि भोवती इलेक्ट्रॉन असतात, हे रदरफर्ड यांनी १९११ मध्ये दाखविले होते. पण तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकीत टाकीत क्षणात केंद्रकावर कोसळावयास हवा. मग माती नाही, पाणी नाही, आपणही नाही. १९१३ मध्ये बोर यांनी सांगितले की इलेक्ट्रॉन काही ठराविक ऊर्जापातळ्यांवरच राहू शकतो, अधेमधे नाही. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना तो जेवढी ऊर्जा सोडतो, तिचाच प्रकाश होतो आणि त्याचा रंगही ठरलेला असतो. गॅसवर मीठ घातलेले पाणी उतू गेले की निळी ज्योत एकदम पिवळी होते, हे आपण रोज पाहतो. मिठातल्या सोडियमचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन आचेने वर चढतो व परत उतरतो. तो पिवळा रंग त्याचा.

मुलीचे पाढे मात्र याच्या पुढचे. १९२१-२२ च्या सुमारास बोर यांनी एकेक इलेक्ट्रॉन वाढवीत सगळ्या मूलद्रव्यांची मांडणी लावली. मला ती पंगतीसारखी वाटली. केंद्रकाजवळच्या पहिल्या ओळीत दोनच पाट. ते भरले की दुसरी ओळ, तिच्यात आठ. सोडियमजवळ अकरा इलेक्ट्रॉन, म्हणून दोन, आठ, आणि दाराशी एकटाच एक. दाराशी बसलेला चटकन उठतो, तसा हा एकटा इलेक्ट्रॉन दुसऱ्या अणूला सहज देता येतो. क्लोरीनच्या शेवटच्या ओळीत सात आहेत, त्याला एकाची उणीव. दोघांचे जुळले की मीठ.

गोंधळ तिसऱ्या ओळीत होतो. तेथे जागा अठरांची, पण आठ बसले की पुढचा पाहुणा आत न जाता बाहेर चौथी ओळ उघडतो. म्हणून पोटॅशियम दोन, आठ, आठ, एक. बाहेर दोन बसल्यावर मग आतले रिकामे पाट भरू लागतात. लोखंड त्या भरतीतले: दोन, आठ, चौदा, दोन. असे का, तर जेथे एकूण ऊर्जा कमी लागते ती जागा आधी. आपल्या लग्नांतही पंखा असेल तिकडची ओळ आधी भरते, मग वाढपी काही म्हणोत.

याच हिशेबाची परीक्षा लवकरच झाली. ५७ पासून ७१ पर्यंतची मूलद्रव्ये सख्ख्या बहिणींसारखी दिसतात, कारण बाहेरची ओळ जवळजवळ तशीच राहून भरती खोल आत चाललेली असते. ७२ वे तेव्हा सापडलेले नव्हते. ते याच बहिणींपैकी असून आम्हाला सापडले आहे, असे फ्रान्समधील शास्त्रज्ञ म्हणत होते. बोर यांच्या हिशेबाने ७१ पाशी आतली ओळ भरून संपते, म्हणून ७२ वे झिर्कोनियमसारखे असावयास हवे. त्यांच्याच संस्थेतील कॉस्टर व हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजात शोध घेतला आणि ते तेथेच निघाले. डिसेंबर १९२२ मध्ये बोर नोबेल पारितोषिकाचे व्याख्यान देण्याच्या थोडे आधी ही वार्ता त्यांना मिळाली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम म्हणतात. मात्र एका ओळीत अमुकच पाट का, याचे नीट कारण १९२५ मध्ये पाउली यांनी दिले: एका अणूतले दोन इलेक्ट्रॉन सर्व बाबतींत सारखे असू शकत नाहीत.

बोर दांपत्याला सहा मुलगे. थोरला ख्रिश्चन १९३४ मध्ये वडिलांबरोबर शिडाच्या बोटीवर असताना लाटेने ओढून नेला. मागोमाग उडी घेऊ पाहणाऱ्या बोर यांना सोबत्यांनी धरून ठेवले. मार्ग्रेथेंनी ते कसे सोसले असेल, आई असलेलीला सांगावयास नको. १९४३ मध्ये जर्मन अंमलाखालील डेन्मार्कमध्ये ज्यूंची धरपकड होणार असे कळताच हे पतिपत्नी रात्री होडीतून स्वीडनला निसटले. पुढे विमानाने इंग्लंडला जाताना डोक्यावरची टोपी लहान पडली, कानावरचे यंत्र लागेना, प्राणवायूची सूचना ऐकू आली नाही व बोर बेशुद्ध झाले. जगले हे नशीब. नंतर अमेरिकेत अणुबाँबच्या कामात त्यांनी सल्ला दिला. हे लपवून चालणार नाही. पण राष्ट्रांनी एकमेकांपासून गुपिते ठेवू नयेत, असे ते युद्ध चालू असतानाच सांगत राहिले आणि १९५० मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला तसे खुले पत्र लिहिले.

जानेवारी १९६० मध्ये ते आपल्या मुंबईलाही आले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राहत्या घरी वारले. मुलगा ओगे यालाही १९७५ मध्ये नोबेल मिळाले.

मुलीच्या भिंतीवरील तक्त्यात १०७ व्या घरात बोरियम आहे. १९९७ मध्ये त्यांच्याच नावावरून हे नाव कायम झाले. परवा रात्री दोघी मिळून त्याची पंगत मांडावयास बसलो. दोन, आठ, अठरा, बत्तीस, बत्तीस, तेरा, दोन. ती तेरावर अडली होती.