सूचिकार शंकर गणेश दाते

मागील वर्षी ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मला आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम मिळाले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. सावलीत बसून पुस्तके हाताळण्याचे पैसे मिळतात, हे आईला बरेच दिवस खरे वाटत नव्हते. काम होते जुन्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवण्याचे. त्यासाठीची ‘कोहा’ ही प्रणाली न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि 2000 सालापासून ती कोणालाही मोफत वापरता येते. तिच्यात प्रत्येक गोष्टीचा रकाना ठरलेला असतो. 100 क्रमांकात लेखक, 245 मध्ये पुस्तकाचे नाव, 260 मध्ये प्रकाशनाचे गाव, प्रकाशक आणि साल.

एके दिवशी मी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि ‘मराठी ग्रंथसूची’ यांच्या नोंदी केल्या आणि दोन्हीकडे नुसते ‘दाते’ लिहून मोकळा झालो. ग्रंथपालबाईंनी मला बोलावून घेतले. चिं. ग. कर्वे यांच्यासह शब्दकोशाचे संपादन करणारे ते यशवंत रामकृष्ण दाते. ग्रंथसूची सिद्ध करणारे ते शंकर गणेश दाते. मी दोन माणसांचा एक माणूस करून टाकला होता! बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सूचीचा जाडजूड खंड माझ्यापुढे ठेवला आणि तो चाळल्याखेरीज पुढचे काम करायचे नाही, असे बजावले.

शंकर गणेश दाते यांचा जन्म 1905 सालचा. त्यांच्या जन्माआधी शंभर वर्षे, 1805 मध्ये, बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापले गेले. पुढे मुंबई-पुण्यापासून लहान गावांपर्यंत छापखाने निघाले आणि पुस्तकांचा ओघ सुरू झाला. 1867 च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. परंतु त्याआधीची पुस्तके विखुरलेली होती. काही आमच्या नाशिकच्या 1840 सालच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांत, तर काही कोणाच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी. मराठीत आजवर काय काय छापले गेले, हे एका जागी सांगणारे साधन नव्हते.

ते साधन दात्यांनी निर्माण केले. 1800 ते 1937 या काळातील मराठी ग्रंथांची त्यांची सूची दुसरे महायुद्ध चालू असताना प्रसिद्ध झाली. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. 1938 ते 1950 या वर्षांचा दुसरा खंड 1961 मध्ये निघाला. दोन्ही खंडांत मिळून पंचवीस हजारांहून अधिक ग्रंथांची नोंद आहे.

हा आकडा वाचून मी थक्क झालो. दिवसभरात चाळीस नोंदी केल्या की माझे डोळे दुखू लागतात आणि मला तर संगणक चूक दाखवतो. दात्यांजवळ कागद, लेखणी आणि चिकाटी एवढेच भांडवल. शिवाय नुसती नावे गोळा करून भागत नाही. लेखकाचे पूर्ण नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशक, साल, पृष्ठे ही माहिती पहिल्या नोंदीत ज्या क्रमाने आली, त्याच क्रमाने शेवटच्या नोंदीतही यावी लागते. दात्यांनी ग्रंथांची मांडणी दशांश वर्गीकरणाच्या धर्तीवर विषयवार केली. त्यामुळे शेतीवर किंवा वैद्यकावर मराठीत कोणी काय लिहिले, हे अभ्यासकाला त्या त्या विषयाखाली सापडते.

माझा एक मित्र म्हणाला, याद्या करणाऱ्याचे कसले चरित्र लिहितोस? त्याला मी घरची हकिकत सांगितली. एका कचेरीत आमच्या सातबाऱ्यावर अण्णांच्या नावातील एक अक्षर चुकले. जमीन तीच, कसणारा तोच. पण कागदावर तो माणूसच नव्हता. ते अक्षर दुरुस्त होईपर्यंत अण्णांनी दोन वर्षे हेलपाटे घातले. नोंद म्हणजे काय, हे त्यांना अक्षरओळख नसतानाही माझ्याआधी कळले होते. आणि त्याच अण्णांचा मुलगा मी, दुसऱ्याचे नाव अर्धवट लिहून मोकळा झालो होतो.

दाते 1964 मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी निवर्तले. मराठी नियतकालिकांच्या सूचीचे काम त्यांच्यामागे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दाते सूची मंडळाने प्रसिद्धीस नेले. 1951 नंतरच्या ग्रंथांची सूची शरद केशव साठे यांनी पुढे चालवली. दात्यांच्या खंडांचे पुनर्मुद्रण राज्य मराठी विकास संस्थेने केले. संशोधन करणारे आमचे प्राध्यापक आजही आधी तेच खंड उघडतात.

मित्रहो, कवी आणि नाटककार यांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो. त्यांच्याच रांगेत या सूचिकारालाही जागा असावी, कारण विस्मरणात गेलेल्या हजारो लेखकांना त्यांच्या पूर्ण नावानिशी त्याने जपून ठेवले. मी माझी ती चुकलेली नोंद त्याच संध्याकाळी दुरुस्त केली. 100 क्रमांकाच्या रकान्यात आता लिहिले आहे : दाते, शंकर गणेश.