रक्तपेशीचा आकार आणि हाल्डेन यांचे गणित

समुद्रपूर : वर्धा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून आहे. रक्तातील लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, एवढे सर्वसामान्यांना ठाऊक असते. मात्र केवळ आकार बिघडल्याने एवढा अनर्थ का ओढवतो आणि असा घातक दोष नाहीसा का झाला नाही, या प्रश्नांचा मागोवा घेताना जे. बी. एस. हाल्डेन या विलक्षण शास्त्रज्ञाचे स्मरण अपरिहार्य ठरते.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील श्वसनक्रियेचे ख्यातनाम अभ्यासक होते. त्यांच्यासोबत खाणींत उतरून विषारी वायूंचे प्रयोग पाहण्याचे बाळकडू हाल्डेन यांना लहानपणीच मिळाले. त्यांनी शिक्षण घेतले ते गणिताचे व ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचे. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना भारतात आणण्यात आले. या देशाशी त्यांचा ऋणानुबंध जुळला तो तेव्हापासून.

सजीवांच्या आकारमानावरील त्यांचा गाजलेला निबंध १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दहापट केली, तर पृष्ठफळ शंभरपट, पण घनफळ हजारपट होते, हे त्यातील मूळ सूत्र. पेशीलाही हाच नियम लागू पडतो. अन्न व प्राणवायू पृष्ठभागातून आत येतात, त्यांची गरज मात्र घनफळानुसार वाढते. पेशी फुगत गेली, तर तिचा पृष्ठभाग अपुरा पडतो. म्हणूनच बहुतेक पेशी सूक्ष्म असतात आणि अनेक चपट्या किंवा लांबट असतात.

निरोगी लाल पेशी दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी असते. तेवढ्याच घनफळाच्या गोळ्यापेक्षा तिचे पृष्ठफळ सुमारे ४० टक्के अधिक भरते. या जादा आवरणामुळे ती वाकून, दुमडून अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतून पार होते. सिकलसेलमध्ये प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनच्या कडक काड्या बनतात, पेशी ताठरते आणि वाहिनीत अडकते. असह्य वेदना होतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते व रक्तक्षय जडतो.

१९४९ मध्ये हाल्डेन यांनी थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाविषयी एक धाडसी तर्क मांडला. या दोषाच्या वाहकांच्या लाल पेशी लहान असतात. घनफळाच्या मानाने पृष्ठफळ अधिक असल्याने सौम्य मिठाच्या पाण्यात त्या सहजासहजी फुटत नाहीत. मग हिवतापाच्या जंतूलाही त्या दाद देत नसतील, असे त्यांनी सुचविले. सिकलसेलच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष का टिकला, याचे उत्तर त्यातून मिळाले.

हाल्डेन १९५७ मध्ये ब्रिटन सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. सुएझवरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध हे त्यामागील एक कारण होते. त्यांनी भारतीय पोशाख व शाकाहार स्वीकारला, नागरिकत्वही घेतले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

वाहक व्यक्ती बहुधा ठणठणीत असते. त्यामुळेच दोष लपून राहतो. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला सिकलसेल होण्याची शक्यता चारात एक असते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान हाती घेतले. तथापि, विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर रक्ताचीही तपासणी झाली, तरच विदर्भातील पुढच्या पिढीच्या वेदना टळू शकतील.